मर्यादेच्या आतली विषं

ऑक्टोबरात पनवेल तालुक्यातल्या भातशेतीचं सगळं गणित आठवडाभराच्या कडक उन्हावर अवलंबून असतं. भात कापलं, कडपे शेतातच पसरले, की ते खडखडीत वाळायला हवेत. मग भारे बांधायचे, खळ्यावर न्यायचे, उडवी रचायची आणि सवडीने झोडायचं. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत गाठतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी खारं पाणी सोसणारी भाताची वाणं दिली. ती खाजणातल्या मिठाला पुरून उरतात, पण कापून पडलेल्या पिकावर पाऊस कोसळला तर वाण कोणतंही असो, त्याचं काही चालत नाही. तलाठी पंचनामा करतात, त्यात ‘दाण्याला कोंब आले’ असं लिहिलं जातं. कोंब डोळ्यांना दिसतो. त्याच ओल्या लोंबीवर बुरशीचे धागे पसरायला लागलेले असतात, ते पंचनाम्यात येत नाहीत.

या बुरशांचेही हंगाम असतात. शेतात, ओल भरपूर असताना, फ्युजेरियम जातीच्या बुरशा वाढतात. धान्य घरात आलं, थोडं वाळलं, की त्यांचं फावत नाही. मग ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमची पाळी येते, कारण त्यांना कमी ओल पुरते. भात किंवा मका साठवताना दाण्यातली ओल तेरा-चौदा टक्क्यांच्या खाली असावी असं सांगतात, ते यासाठीच. शेंगदाण्याला तेलामुळे त्याहून कमी, सात-आठ टक्के, लागते. कणगी शेणाने लिंपून उंचावर ठेवणाऱ्या बायकांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण दाणा दाताखाली फोडून त्याचा ‘कट्’ आवाज ऐकल्याशिवाय त्या धान्य कणगीत ओतत नसत.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाला पुरणारी आहे. फ्युजेरियम मेली तरी तिने दाण्यात सोडलेलं विष मरत नाही, कारण ते सजीव नसून रसायन आहे. त्यावर दुसरी बुरशी येते आणि तिचं विष त्यात मिसळतं. शेतापासून कोठीपर्यंतच्या प्रवासात एकाच दाण्यात दोन-तीन जातींची विषं जमू शकतात. जगभरच्या पशुखाद्याच्या आणि त्याच्या कच्च्या मालाच्या २००८ ते २०१७ या दहा वर्षांतल्या ७४,८२१ नमुन्यांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८८ टक्के नमुन्यांत किमान एक बुरशीजन्य विष होतं आणि ६४ टक्क्यांत दोन किंवा अधिक. म्हणजे एकटं-दुकटं विष हा अपवाद आणि मिश्रण हीच रीत. प्रमाण बहुतेक वेळा कमी असतं, हेही लगेच सांगायला हवं.

तांदूळ त्यातल्या त्यात बरा. टरफलामुळे दाणा झाकलेला राहतो आणि मक्याच्या किंवा शेंगदाण्याच्या मानाने त्यात ही विषं कमी सापडतात. पण पनवेलचं ताट आता पनवेलच्या शेतावर चालत नाही. शेतं सिडकोने घेतली, उरलेल्यांवर गृहसंकुलं उभी राहिली, विमानतळ झाला. पावसाळ्यातल्या एखाद्या आगरी घरातलं जेवण घ्या. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, शेंगदाण्याची चटणी, घरचा मसाला, आणि वर दुधाचा चहा. तांदूळ कदाचित मध्य प्रदेशातला, दाणे गुजरातचे, मिरची कर्नाटक-आंध्रची, दूध कुठल्या तरी शीतकरण केंद्रातून आलेलं. दाण्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं. भुईमूग पिकाच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याला तहानला, की जमिनीखालच्या शेंगेतच ॲस्परजिलस फ्लेव्हस शिरते. मिरचीत अफ्लाटॉक्सिन आणि ओक्रॅटॉक्सिन ही दोन्ही सापडतात. दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ हे गाईच्या यकृतातून बाहेर पडलेलं रूप. घरात पोळी-ब्रेड आला की त्याबरोबर फ्युजेरियमचं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल येण्याची शक्यता. हे लांबलचक नाव शास्त्रज्ञही टाळतात आणि ‘डॉन’ म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

आता कायदा बघा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने धान्य आणि डाळींसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, मसाल्यांसाठी ३०. दुधातल्या एम-१ साठी ०.५. गव्हातल्या डॉनसाठी १,०००, ओक्रॅटॉक्सिनसाठी २०. प्रत्येक आकड्यामागे वर्षानुवर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत, आणि त्यांची टिंगल करण्याचं कारण नाही. पण प्रत्येक आकडा त्या त्या विषापुरता आहे. एकाच कुळातली भावंडं, म्हणजे बी-१, बी-२, जी-१, जी-२ ही अफ्लाटॉक्सिनं, नियम एकत्र धरतो. वेगवेगळ्या कुळांची बेरीज करणारा रकाना तपासणीच्या अहवालात नसतो. चार विषं, चारही मर्यादेच्या आत, चारही ठिकाणी ‘उत्तीर्ण’. शरीर मात्र त्या सगळ्यांना एकाच वेळी सामोरं जात असतं, आणि त्याचा पहिला ताण प्रतिकारसंस्थेवर येतो.

तो कसा येतो हे जरा जवळून बघू. जेवलेल्या विषाची पहिली गाठ आतड्याच्या अस्तराशी पडते. हे अस्तर एका पेशीइतकंच जाड असतं. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये क्लॉडिनसारखी प्रथिनं असतात. डॉन पेशीत शिरतं आणि रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेला, जाऊन चिकटतं. प्रथिनांचं उत्पादन मंदावतं, क्लॉडिन कमी पडतं, सांधे सैल होतात. आतड्यातले जिवाणू आणि त्यांचे तुकडे जिथे जायला नकोत तिथे झिरपू लागतात. शिवाय ज्या पेशी झपाट्याने नव्या होत असतात त्यांना प्रथिनांची गरज सर्वांत जास्त. म्हणून आतड्याच्या अस्तराबरोबर अस्थिमज्जा आणि थायमस यांनाही या कुळातल्या विषांचा फटका बसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘बुरशीची विषं प्रतिकारशक्ती कमी करतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. मोठ्या मात्रेत डॉन पांढऱ्या पेशींना मारतं, पण छोट्या मात्रेत तेच डॉन त्यांना चिथावतं. दाह वाढवणारी रसायनं जास्त सुटतात. उंदरांना बरेच दिवस डॉन खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या रक्तात ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडं इतकी वाढली, की ती मूत्रपिंडात साचू लागली. बाजारात ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणारे या माहितीचं काय करतील कोण जाणे.

फ्युमोनिसिन हे मक्यातलं विष, दक्षिण आफ्रिकेत १९८८ मध्ये ओळखलं गेलं. ते रायबोसोमच्या वाटेला जात नाही. पेशीच्या पापुद्र्यासाठी लागणारे स्फिंगोलिपिड नावाचे मेद बनवण्याची एक पायरी ते अडवतं. फ्युमोनिसिन दिलेल्या डुकरांच्या पिल्लांच्या आतड्यात रोगकारक ई-कोलाय जिवाणूंनी जास्त बस्तान बसवलेलं दिसलं. अफ्लाटॉक्सिनची तऱ्हा आणखी वेगळी. यकृत त्याला बाहेर टाकायला जातं आणि त्या खटाटोपात त्याचं जास्त जहाल रूप तयार करून बसतं. ते रूप डीएनएला आणि प्रथिनांना चिकटतं. प्राण्यांत थायमस आक्रसतो, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी आळसावतात, आणि ज्या प्रतिकाराची भिस्त टी-पेशींवर असते तो ढिला पडतो. ओक्रॅटॉक्सिनचा रोख मुख्यतः मूत्रपिंडावर, पण फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लाशी साधर्म्य असल्याने तेही प्रथिननिर्मितीत लुडबुड करतं.

प्रतिकारसंस्थेत पर्यायी वाटा भरपूर असतात, म्हणून एक विष थोडं असेल तर ती निभावून नेते. पळस्पे फाट्याला जुना पुणे रस्ता तुंबला, की माहीतगार लोक गाडी द्रुतगती मार्गावर घालतात आणि अर्ध्या तासाच्या उशिराने का होईना, पोचतात. दोन्ही तुंबले की मग पनवेलपर्यंत रांग लागते, आणि ती रांग दोन स्वतंत्र खोळंब्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी असते. एका विषाने आतड्याचे सांधे सैल करायचे, दुसऱ्याने आत शिरलेल्याला गिळणाऱ्या पेशी निकामी करायच्या, असं एकाच वेळी झालं तर काय होईल याचा अंदाज करता येतो.

अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यात नीट उपयोगी पडतो. पाच आठवड्यांच्या डुकरांच्या पिल्लांचे गट केले. एकाला शुद्ध खाद्य, दुसऱ्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम डॉन, तिसऱ्याला ६ मिलिग्रॅम फ्युमोनिसिन, चौथ्याला दोन्ही. हे ३५ दिवस चाललं आणि मध्येच सगळ्यांना अंड्यातल्या एका प्रथिनाची लस टोचली. वजनात काही डोळ्यांत भरणारा फरक नव्हता, पिल्लं वरून धडधाकट होती. पण दोन्ही विषं खाणाऱ्या गटाच्या अवयवांत जास्त बिघाड होता आणि लसीला त्यांचा प्रतिसाद सर्वांत ढेपाळलेला होता. वजन ठीक, भूक ठीक, आणि लस मात्र लागू पडत नाही, असलं नुकसान तराजूत दिसत नाही.

सगळीच मिश्रणं अशी वागत नाहीत. काही जोड्यांचा परिणाम निव्वळ बेरजेइतका असतो, क्वचित एक विष दुसऱ्याला थोपवतंही. मात्रा, क्रम, प्राणी आणि तुम्ही नेमकं काय मोजता यावर उत्तर बदलतं. ‘एकत्र आली की नेहमीच दसपट वाईट’ असं कोणी सांगितलं तर त्याला कोणती जोडी आणि किती मात्रा ते विचारावं.

हे सगळं ज्यांना पुस्तकाविना कळलंय असे लोक पनवेल-खालापूर-कर्जत पट्ट्यात आहेत: कोंबडीवाले. कराराने ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेडमध्ये खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. पावसाळ्यात पोत्यातलं खाद्य गोळे धरू लागलं, की पक्षी सुस्तावतात, आणि रानीखेत रोगाची लस वेळेवर दिलेली असूनही मर सुरू होते. अफ्लाटॉक्सिन पोटात असलेल्या कोंबड्यांत रानीखेतच्या लसीचा प्रतिसाद उणावतो हे प्रयोगांनी फार पूर्वीच दाखवून दिलं आहे. म्हणून खाद्यात ‘टॉक्सिन बाइंडर’ घालतात. बहुतेकदा ती बेंटोनाइटसारखी माती असते. तिच्या थरांच्या फटीत अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू नेमका अडकतो आणि विष्ठेतून निघून जातो. डॉनचा रेणू तसा चपटा नाही, त्याला ही माती जवळपास धरतच नाही. म्हणजे पिशवीवर ‘विषबाधेवर उपाय’ लिहिलेलं असलं तरी तो एकाच विषावरचा उपाय. दुसरं खुशाल आत जातं. नियम जी चूक करतो तीच इथे औषध करतं.

माणसांकडे येऊ. भारतात बुरशीजन्य विषबाधेचा सर्वांत भयंकर प्रसंग १९७४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घडला. राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या दोन जिल्ह्यांच्या भिल्ल वस्त्यांत अवकाळी पावसात मका भिजला, आणि दुसरं काही नसल्याने तोच खाल्ला गेला. कावीळ, पोटात पाणी. दोनशेच्या आसपास गावं, नोंदलेले ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. त्याच घरांतले कुत्रेही मेले, आणि त्यामुळेच संसर्गाऐवजी खाण्यावर संशय बळावला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पथकाला मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं, म्हणजे आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. इतक्या मात्रेत यकृतच जातं. प्रतिकारशक्तीचा प्रश्न यायला वेळच उरत नाही.

आपल्या विषयाच्या जास्त जवळची घटना कमी गाजली. १९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसात भिजलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी खाऊन लोकांची पोटं दुखू लागली, घशाला जळजळ, जुलाब, कुणाला शौचातून रक्त. पाहणी केलेल्या दीडशे जणांपैकी ९७ जणांना त्रास झाला होता. राष्ट्रीय पोषण संस्थेचे रमेश भट आणि त्यांचे सहकारी यांनी पीठ तपासलं, तेव्हा त्यात एकटं डॉन नव्हतं. डॉन, त्याचं ॲसिटिल रूप, निव्हॅलेनॉल आणि टी-२ अशी एकाच कुळातली चार विषं वेगवेगळ्या नमुन्यांत मिळाली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्यांच्या निबंधात एक नोंद आहे: आठवड्याहून जास्त काळ ती रोटी खाल्लेल्या मुलांमध्ये नाक-घशाचे संसर्ग वाढलेले दिसले. नोंद छोटी आहे आणि तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मिश्र विष आणि ढासळलेला प्रतिकार यांची भारतातली ही सर्वांत बोलकी जोडी, असं मला वाटतं. टी-२ चा इतिहास माहीत असेल तर ती नोंद नजरेतून निसटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघातल्या ओरेनबर्ग भागात हिवाळाभर बर्फाखाली राहिलेली बाजरीसारखी धान्यं लोकांनी वसंतात खाल्ली, आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. घसा सडला, साधे संसर्ग जीव घेऊन गेले. त्यामागे टी-२ आणि त्याच्या भावंडांचा हात होता हे नंतर कळलं.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळ्या धान्याचा आहे. खरिपाची ज्वारी. जुनी वाणं दिवस लहान होईपर्यंत फुलायची नाहीत; पाऊस सरल्यावर कणीस भरायचं, दाणा पांढराशुभ्र निघायचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकर आला आणि त्यामागून लवकर येणारे इतर. उत्पादन वाढलं, पण दाणा भरण्याचे दिवस सप्टेंबरच्या पावसात सापडले. कणसावर फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, अल्टरनेरिया एकदम चढू लागल्या आणि ज्वारी काळी पडू लागली. ‘काळी ज्वारी’ हा मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत भावाचा आणि राजकारणाचा विषय झाला. शासनाने खरेदी करावी म्हणून मागण्या झाल्या. खाणाऱ्यांनी मात्र आपापला निकाल लावला होता. भाकरीला रब्बीची मालदांडी, आणि काळी ज्वारी जनावरांना, कोंबड्यांना, नाहीतर मद्याच्या कारखान्याला.

सगळ्यांना ही निवड परवडत नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, त्या वेळच्या आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातल्या २७ गावांत, अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब झाले. दोष फ्युमोनिसिनकडे गेला. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच संशोधकांनी भारतीय ज्वारी, मका आणि कोंबडीखाद्य तपासून फ्युमोनिसिन आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र सापडत असल्याचं दाखवलं. ज्या घरात चांगली ज्वारी विकून काळी घरी ठेवतात, त्या घरातल्या मुलाच्या पोटात काय जातं याचं हे उत्तर.

रोजच्या बारीक मात्रेचा माणसाच्या प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो याबद्दलची चांगली माहिती आफ्रिकेतून आली आहे. गांबियातल्या ४७२ शाळकरी वयाच्या मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा शोधल्या, तर ९३ टक्के मुलांत त्या मिळाल्या. ज्यांच्यात त्या होत्या त्यांच्या लाळेतलं आयजीए, म्हणजे तोंड-आतड्याच्या दारातलं प्रतिपिंड, इतरांपेक्षा कमी होतं. लसीचं काय, हेही तिथेच पाहिलं गेलं. रेबीजच्या लसीवर परिणाम दिसला नाही. न्यूमोकॉकसच्या चार प्रकारांपैकी एकाच्या प्रतिपिंडांशी फिकट संबंध दिसला. घानामध्ये प्रौढांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्यांच्या मारक टी-पेशींत पर्फोरिन कमी सापडलं. पर्फोरिन हे संसर्ग झालेल्या पेशीला भोक पाडणारं प्रथिन. ते कमी असेल तर विषाणूंना थारा मिळतो.

आणि विषाणूच्या जोडीने अफ्लाटॉक्सिन काय करतं, याचे आकडे शांघायमधून आले. तिथल्या अठरा हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात, अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका ३.४ पट होता. हिपॅटायटिस-बी असणाऱ्यांना ७.३ पट. दोन्ही असणाऱ्यांना ५९.४ पट. बेरीज सोडा, हा आकडा गुणाकाराच्याही पुढे जातो. इथे एक जोडीदार विषाणू आहे, दुसरं विष नाही, हे मान्य. पण ‘प्रत्येकाचा धोका वेगळा मोजला की पुरे’ या समजुतीला इतका मोठा धक्का दुसऱ्या कुठल्या अभ्यासाने दिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

पनवेलच्या वाचकाला एव्हाना आपल्या घराच्या भिंती आठवल्या असतील. रायगडात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळमजल्याच्या खोल्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटामागे हिरवट-काळे डाग येतात, गाद्यांना कुबट वास लागतो. २००५ च्या जुलैत पाणी शिरलेल्या कळंबोलीच्या घरांत तो वास पुढे कितीतरी दिवस राहिला. ही बुरशी श्वासावाटे विष देऊन प्रतिकारशक्ती पोखरते का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरात दमा, खोकला, श्वसनाचे संसर्ग वाढतात हे तिने स्पष्ट मान्य केलं. त्यामागे ॲलर्जी आणि दाह असल्याचा पुरावा बळकट आहे. हवेतल्या विषाचा वाटा किती, याचा पुरावा त्यामानाने तोकडा. अमेरिकेत १९९३-९४ मध्ये क्लीव्हलंड इथल्या तान्ह्या मुलांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाचा दोष ‘काळ्या बुरशी’च्या विषाला दिला गेला, २००० मध्ये अमेरिकेच्याच रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नसल्याचं जाहीर केलं. लघवी तपासून ‘तुमच्या घरात विषारी बुरशी आहे’ असं सांगणारी प्रयोगशाळा भेटली तर एवढं लक्षात ठेवावं, की लघवीत सापडणारी ही विषं बहुधा आदल्या दिवशीच्या जेवणातली असतात.

आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला हादरवणारा म्युकरमायकोसिस? त्यालाही आपण काळी बुरशी म्हणालो, पण ती गोष्ट उलट्या दिशेची. तिथे मधुमेहाने आणि स्टेरॉइडने प्रतिकार आधी खचला होता, मग बुरशीने शरीरात घर केलं. घरच्या भिंतीवरचा डाग, डोळ्यामागची ती बुरशी आणि चटणीतलं अफ्लाटॉक्सिन यांची भीती एकाच गाठोड्यात बांधू नये.

घरच्या ताटाबाबत थोडं करता येतं. शिजवून, तळून अफ्लाटॉक्सिन जात नाही, ते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णताही सोसतं. निवडून मात्र बरंच जातं. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मूठभर बिघडलेल्या दाण्यांत जवळजवळ सगळं साठलेलं असतं. शेंगदाणे सुपात घ्या. सुरकुतलेला, पिवळट पडलेला, सालीखाली काळी रेघ असलेला, किंवा भाजल्यावर साल न सोडणारा दाणा बाजूला काढा. चाखताना एखादा कडू-खवट लागला तर तो गिळू नका, थुंका. मिरची वाळवताना ताडपत्रीवर पातळ पसरा, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. सुकट-बोंबलाच्या डब्याला पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी ऊन दाखवा. लाकडी घाण्याचं तेल आवडत असेल तर दाणे कुठून आणि कसे निवडले ते घाणेवाल्याला विचारा, कारण कारखान्यात क्षाराने शुद्ध करताना अफ्लाटॉक्सिन निघून जातं, घाण्यावर ती पायरीच नसते.

शेजारच्या उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातून शेंगदाणा आणि मिरची परदेशी जाते, तेव्हा हीच निवड यंत्रांनी, रंग ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते. युरोपीय संघाला थेट खायच्या शेंगदाण्यात किलोमागे एकूण ४ मायक्रोग्रॅमच्या वर अफ्लाटॉक्सिन चालत नाही. त्यांच्याही अहवालात एकेकच विष मोजलेलं असतं. जागतिक पातळीवर अन्न आणि कृषी संघटना व आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन ही एक जोडी एकत्र विचारात घेतली. माणसात या जोडीमुळे आजार होतात असं म्हणायला माहिती फार थोडी आहे, पण काळजी कायम आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

राहता राहिला एक प्रश्न, निवडून काढलेल्या दाण्यांचा. ते फेकले जात नाहीत. स्वस्तात गाळले जातात, तेल निघतं, आणि विषाचा मोठा हिस्सा पेंडीत राहतो. पेंड गोठ्यात जाते. समजा एक गाय रोज चार किलो खुराक खाते आणि त्यात किलोमागे ५० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-१ आहे. युरोपात दुभत्या जनावरांच्या खाद्याला ५ ची मर्यादा आहे. रोजचे झाले २००. त्यातलं एक ते दोन टक्के एम-१ होऊन दुधात उतरतं, म्हणजे २ ते ४ मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरमागे ०.२ ते ०.४. भारतीय मर्यादेत हे दूध बसतं, युरोपच्या ०.०५ मध्ये बसत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने घेतले, त्यातले ५.७ टक्के भारतीय मर्यादाही ओलांडत होते. भेसळ हुडकायला निघालेल्या त्या पाहणीत भेसळ अगदी थोड्या नमुन्यांत निघाली, अफ्लाटॉक्सिन मात्र त्याच्या कितीतरी पट. खुराक बदलला की तीन-चार दिवसांत एम-१ दुधातून जवळपास नाहीसं होतं. त्यासाठी दूध संकलन केंद्राने फॅट आणि एसएनएफबरोबर गोठ्यातल्या पेंडीचं पोतंही उघडून बघायला हवं, आणि त्यात फक्त अफ्लाटॉक्सिन शोधून थांबायला नको.